आधी पासपोर्ट दाखवा

अमेरिकेत परदेशी पक्षकाराचा घटस्फोटाचा दावा चालवणारा जाणता वकील भांडणाचं कारण नंतर विचारतो. आधी पासपोर्ट मागतो. समजा, पुण्याची मुलगी एच-४ व्हिसावर तिकडे गेली आहे. हा व्हिसा नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला बांधलेला. घटस्फोटाचा हुकूम झाला, की तिचा तिथं राहण्याचा आधारच जातो. म्हणजे हुकूम कधी निघतो, यालाही महत्त्व आलं.

ग्रीनकार्डाची गोष्ट वेगळी. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोला ते मिळालं असेल, तर त्यानं ‘आय-८६४’ या हमीपत्रावर सही केलेली असते. तिचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही, अशी ती हमी. गंमत म्हणजे घटस्फोटानं ती संपत नाही! असा कागद आपल्या नावानं आहे, हे कितीतरी जणींच्या गावीही नसतं.

बरं, तिकडचा हुकूम इकडे चालेलच असंही नाही. मिसुरीतल्या न्यायालयानं दिलेला घटस्फोट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली नरसिंह राव खटल्यात मानला नाही. बायकोनं त्या न्यायालयाचा अधिकार स्वीकारलाच नव्हता. तेव्हा तिकडून नोटीस आली, तर उत्तर धाडण्याआधी इथल्या वकिलालाही ती दाखवा.