अळंबी आणि कुत्र्याची छत्री

मराठी भाषेने एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंना दोन नावे दिली आहेत. ताटात येते ती अळंबी. येऊ नये ती कुत्र्याची छत्री. शब्दांतला हा भेद सोपा आहे, रानातला नव्हे.

ज्येष्ठ सरत येतो. पंचांगात अजून ग्रीष्मच असतो, पण कोकणात पावसाच्या सरी कोसळून गेलेल्या असतात. अशा एखाद्या सकाळी दहाबारा जणांची टोळी टोपल्या घेऊन रानात निघते. शाळेतील मुले, त्यांचे शिक्षक आणि वाट दाखवायला गावातली आजी. वारुळापाशी पांढऱ्या छत्र्या दिसताच मुले धावतात. आजी मात्र एकाच छत्रीभोवतीची माती हलकेच उकरते. दांडा मुळासारखा खोल, वाळवीच्या घरट्याकडे गेलेला असतो. चघळलेल्या पालापाचोळ्यावर वाळवी ही बुरशी पिकवते व तिच्यावर पोसते. वर दिसते ते त्या शेतीचे फळ. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या कुळाला 'टर्मिटोमायसीस' हे नाव दिले. १९७९ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या के. नटराजन यांनी यातील एका जातीशी हाइम यांचेच नाव जोडले.

परतताना गवतात एका मुलाला याहूनही देखणी छत्री सापडते. खालचे पडदे पांढरेशुभ्र. पण खोल गेलेले मूळ नाही. भूक लागलेली असते, चूल आठवत असते. शिक्षक दोन्ही छत्र्या पांढऱ्या कागदावर पालथ्या ठेवून वाटीने झाकतात. दुसऱ्या दिवशी वारुळाच्या छत्रीखाली फिकट गुलाबी भुकटी, तर गवतातल्या छत्रीखाली हिरवट! ही दुसरी पोटात गेली असती, तर काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू झाले असते.

तथापि, गुलाबी ठसाही एकटा पुरेसा नाही. काही विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो. विषाने चांदीचा चमचा काळा पडतो, ही समजूत तर सर्वस्वी खोटी. शिजवल्यानेही प्रत्येक विष जात नाही. मूळ, पडदे, ठसा, जागा यांची साक्ष जुळावी आणि जाणत्याने होकार द्यावा. तोवर चूल थंड राहिलेली बरी.

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील कारखान्यांत नोकरीस गेलेल्या मराठी माणसाला हा ऋतू बदललेला आढळेल. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि अळंबीला म्हणतात काळान. नियम मात्र तोच. संशय आला की टोपली रिकामी आणावी. त्यात पराभव नाही; वारूळ शाबूत असले, तर पुढच्या पावसात छत्र्या पुन्हा उगवतील.