कॅमेऱ्याला बैलगाडी कशी दिसते



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तू नेमकं काय काम करतेस ते आम्हाला समजेल असं सांग." माझी आईसुद्धा गेली वीस वर्षं हेच म्हणते आहे. थोडक्यात सांगायचं तर चौकातल्या कॅमेऱ्याच्या चित्रात कोणतं वाहन कुठे आहे हे संगणकाला ओळखायला शिकवायचं आणि मग ती वाहनं मोजायची. आमची पुण्यातली कंपनी हे काम रस्त्यांचे आराखडे करणाऱ्यांसाठी करते. दंड आम्ही लावत नाही. तेव्हा सकाळी चहाच्या वेळी ज्यांनी मला मोबाईलवर आपापली चलनं दाखवली, त्यांनी जरा धीर धरावा.

संगणकाला चित्र दिसत नाही, आकडे दिसतात. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे एका चित्राचे ६२ लाखांहून जास्त आकडे, आणि अशी चित्रं सेकंदाला पंचवीस. या आकड्यांच्या ढिगात "हा ट्रक" कुठे आहे, हा आमचा प्रश्न. पूर्वी माणसं नियम लिहून बघायची: दोन गोल दिसले की चाकं, वगैरे. पाऊस आला, सावली पडली की नियम कोलमडायचे. आता नियम लिहीत नाहीत. हजारो चित्रं दाखवायची, प्रत्येक वाहनाभोवती चौकट आखून नाव सांगायचं, आणि प्रोग्रॅम चुकला की त्याच्या आतले गुणक थोडे थोडे बदलत जायचं. पाढे पाठ करून घेतल्यासारखं, फक्त लाखो वेळा.

चौकट बरोबर आली की नाही हे कसं ठरवायचं? माणसाने आखलेली चौकट आणि यंत्राने आखलेली चौकट एकमेकींवर ठेवायच्या. छेदाचं क्षेत्रफळ भागिले संयोगाचं क्षेत्रफळ. उत्तर १ आलं तर तंतोतंत, साधारणपणे ०.५ च्या वर आलं तर चालवून घेतात. बाई, संचाच्या धड्यात छेद आणि संयोग शिकवताना "याचा पुढे काय उपयोग?" असं मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं होतं. तो आज इथे बसला आहे, मी नाव घेत नाही.

आता खरी गंमत. जगभर जो तो ज्या चित्रसंग्रहावर आपला प्रोग्रॅम शिकवतो त्याचं नाव कोको. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्यात ८० प्रकारच्या वस्तू ओळखायला शिकवतात. कार, बस, ट्रक, मोटारसायकल, सायकल आहे. जिराफ आहे. टूथब्रश आहे, केस वाळवायचं यंत्रसुद्धा आहे. रिक्षा नाही. ज्यांनी यादी केली त्यांच्या रस्त्यावर रिक्षा नव्हती, एवढंच. पण त्याचा परिणाम असा की तयार प्रोग्रॅम आपल्या चौकात लावला की समोरची रिक्षा कधी कार होते, कधी ट्रक, आणि कधी कुणीच नसते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांवरच्या सुमारे १०,००० चित्रांचा संग्रह केला, त्यात रिक्षाला स्वतःचं नाव मिळालं. तो उपयोगी पडतोच, पण त्यातले रस्ते मुख्यतः हैदराबाद आणि बंगळूरकडचे. आपल्याकडची वाहनं आपल्यालाच दाखवावी लागतात.

चौकटी आखायचं काम एका तालुक्याच्या गावातल्या बारा-तेरा मुली करतात. दिवसभर पडद्यावर माउसने चौकटी. सगळं श्रेय कॅमेऱ्याला आणि आमच्यासारख्या इंजिनिअरांना जातं, पण वाहन म्हणजे काय हे यंत्राला सांगतात त्या मुली. त्यांचे वाद ऐकण्यासारखे असतात. छोटा हत्ती ट्रकमध्ये घालायचा का? वडाप म्हणजे जीप की प्रवासी वाहन? एसटीच्या पाठीमागच्या जाहिरातीत कारचा फोटो आहे, तो यंत्राने कार म्हणून मोजला, त्याला काय करायचं? एकदा एकीने विचारलं, "मॅडम, दुचाकीवर चौघं बसलेत, चौकट एकच ना?" आमच्या नियमपुस्तकात अशी चाळीस पानं झाली आहेत आणि त्यातली निम्मी तरी त्यांच्या प्रश्नांमुळे.

मग साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं काम आलं. हंगामाचे दिवस. पहिल्या रात्रीची मोजणी आली आणि त्यात एकही बैलगाडी नाही. चित्रं उघडून बघितली तर उसाच्या टायरगाड्यांची रांग लागलेली. यंत्राने प्रत्येक गाडीपुढच्या बैलांना "गाय, गाय" म्हणून दोन चौकटी घातल्या होत्या आणि मागचा ऊस म्हणजे त्याच्या लेखी झाडी! कोकोच्या यादीत गाय आहे, बैलगाडी नाही.

यावर ऑफिसात खूप हसलो. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. रस्ता केवढा हवा हे ठरवताना सगळी वाहनं कारच्या मापात मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात कार म्हणजे १, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर आणि ट्रेलर ४.५, आणि बैलगाडी ८. ती हळू चालते, तिच्यामागे सगळे अडकतात, म्हणून ८. म्हणजे शंभर टायरगाड्या दिसल्या नाहीत तर कागदावर आठशे कारएवढी वाहतूक गायब. मग कुणी तरी म्हणणार, या रस्त्याला रुंदीकरणाची गरज नाही. आपण सगळे त्या रांगेमागे तास तास अडकलेलो आहोत, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. शेवटी मुलींनी तीन आठवडे फक्त ऊस, ट्रॅक्टर आणि बैल यांच्याच चौकटी आखल्या. ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर असतील तर ते एकच वाहन, हेही शिकवावं लागलं. नाही तर यंत्र एकाचे तीन करत होतं.

आता चलनांकडे येते. नंबर प्लेट वाचणं हे वेगळं काम. एम एच, मग दोन आकडे, दोन अक्षरं, चार आकडे, अशी साधारण दहा चिन्हं. समजा, यंत्र प्रत्येक चिन्ह ९९ टक्के बरोबर वाचतं. ऐकायला छान वाटतं. पण दहाही चिन्हं बरोबर यायची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९०. दहातली एक प्लेट चुकली! म्हणून "आमची अचूकता ९९ टक्के" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, अक्षराची की प्लेटची? बी आणि आठ, ओ आणि शून्य हे नेहमीचे गुन्हेगार. त्यात ४१४१ चं "दादा" करून लावणारे आपले बंधू आहेतच. तेव्हा आपल्या गाडीचं नसलेलं चलन आलं तर आधी सोबतचा फोटो उघडून बघा आणि तक्रार नोंदवा. फोटोत दुसऱ्याची गाडी असेल तर ते माणसाच्या डोळ्याला लगेच दिसतं.

एक गोष्ट मला जास्त खुपते. मोजणीसाठी नंबर लागत नाही, तरी एका कामात आम्हाला सांगण्यात आलं की सगळे नंबर साठवून ठेवा, पुढे उपयोगी पडतील. कुणाच्या उपयोगी? कोण कधी कुठून गेलं याची वही कुणाच्या तरी कपाटात पडून राहणार. मी नको म्हटलं, बरीच पत्रापत्री झाली, ते काम दुसऱ्यांकडे गेलं. ज्यांनी योलो नावाची, एका नजरेत सगळी वाहनं ओळखणारी पद्धत काढली, त्यातले जोसेफ रेडमन यांनी २०२० मध्ये जाहीर केलं की लष्करी वापर आणि खासगीपणाचे प्रश्न पाहून आपण हे संशोधन थांबवलं. मी थांबवलेलं नाही. पण आता आमच्या प्रत्येक करारात एक ओळ असते: मोजणी झाली की चित्रं सात दिवसांत पुसायची. त्या ओळीवरून अजून दर वेळी वाद होतो.

आणि एक काम आहे. रात्री, मागून, रिफ्लेक्टर नसलेला उसाचा ट्रेलर, ही आमची सगळ्यात कच्ची बाजू आहे. तशी चित्रं फार कमी मिळतात. तुमच्यापैकी दोघांची दुकानं कारखान्याच्या रस्त्याला आहेत आणि एकाचा ऊसवाहतुकीचा धंदाच आहे. येत्या हंगामात आठवडाभर तुमच्या गच्चीवर कॅमेरा लावू द्याल का? विजेचा खर्च आमचा. जेवायच्या वेळी मी पंक्तीत तुम्हाला गाठणारच आहे.