दुखण्याआधीची तपासणी

(वार्षिक सभेत दंतविभागाच्या वतीने झालेले भाषण)





आमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण ठणका असह्य झाल्यावरच येतात. लवंग, मिठाच्या गुळण्या, दुकानातली गोळी, सारे उपाय थकलेले असतात. तेव्हा पुष्कळदा दात काढण्यावाचून गत्यंतर नसते. 'दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?' हा प्रश्न आम्हांस नित्य ऐकू येतो. याचे उत्तर आपल्या नाथसागरापाशी आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या या जलाशयाचे पाणी वरून निर्मळ दिसते. तळाशी गाळ मात्र साचतच असतो.

दातांचेही तसेच आहे. जंतूंचा चिकट थर रोज नीट घासून न काढल्यास लाळेतील क्षारांनी तो कठीण होतो. हेच कीट. ते ब्रशने वा मंजनाने निघत नाही, उपकरणानेच काढावे लागते. हिरडीखाली कीट साचत गेले की हिरड्या सुजतात, रक्त येते, पुढे दाताभोवतीचे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. मधुमेही व्यक्तींना हा धोका अधिक असतो. उलट हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तातील साखर आटोक्यात येण्यास काही प्रमाणात हातभार लागतो.

'साफ केल्याने दात सैल होतात,' हा समज दूर व्हावा. कीट निघाल्यावर दिसणारी फट सफाईने पडलेली नसते. झिजेची ती जागा कीटाने झाकलेली असते. काही दिवस थंड पाणी झोंबते, एवढेच. सहा महिन्यांचा नियमही सर्वांना सारखा लागू नाही. निरोगी तोंडास वर्षातून एकदाची तपासणी पुरेशी ठरू शकते. मधुमेही व तंबाखू सेवन करणाऱ्यांनी लवकर यावे.

तपासणीचे मोल केवळ दातांपुरते नाही. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी घराघरांतील मिश्रीची डबी आणि खिशातील तंबाखूची पुडी गेलेली नाही. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, ही लक्षणे बहुधा प्रारंभी दुखत नाहीत. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांची तोंडे नियमित तपासल्याने त्यांच्यातील मुखकर्करोगाचे मृत्यू घटल्याचे दिसून आले. त्यासाठी लागला तो उजेड आणि प्रशिक्षित नजर.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय येथून सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहे. न दुखणाऱ्या दातासाठी एका दिवसाची मजुरी कोण बुडवील? म्हणून ही सेवा गावातच, अल्प खर्चात मिळणे अगत्याचे आहे. शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या दानाचे फळ डोळ्यांना दिसते. वाचलेला दात आणि वेळीच ओळखलेला चट्टा मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही. तरीही त्या न दिसणाऱ्या फळासाठी आपण हात पुढे करावा, ही विनंती. आणि आप्तजनांनी आजीची मिश्रीची डबी बाजूला ठेवून तिला एकदा आमच्याकडे आणावे, दुखण्याआधी.