साळिंदराचा काटा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला 'दूरदर्शनवरील गुप्तहेर मालिका' हा विषय दिला. मी रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर. साहित्य-नाट्याचा माझा अभ्यास नाही. पण मालिका बघण्याचा अनुभव भरपूर आहे, आणि रेल्वेत काही बिघडलं की ते का बिघडलं हे शोधण्याचा अनुभवही आहे. तेवढ्या भांडवलावर दोन शब्द बोलतो.

आपल्या पिढीने १९८५ चा 'करमचंद' पाहिला, १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्षी' पाहिला आणि २१ जानेवारी १९९८ पासून 'सी.आय.डी.' पाहिली. सी.आय.डी.मधले ए.सी.पी. प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम. बँकेत नोकरी करता करता नाटकात आलेला मराठी माणूस घराघरांतला पोलीस अधिकारी झाला, याचं आपल्याला कौतुक आहे. ती मालिका वीस वर्षं चालली, २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्याबद्दल तुम्हाला सगळं पाठ आहे. म्हणून मी आज 'ब्योमकेश बक्षी'च्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

मालिकेचं दुसरं पर्व १९९७ मध्ये आलं. दिग्दर्शक बासू चटर्जी, ब्योमकेशच्या कामात रजित कपूर आणि त्याची बायको सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णी, म्हणजे इथेही आपला मराठी हात होताच. त्यात 'साही का काँटा' नावाची गोष्ट होती. साही म्हणजे साळिंदर. मूळ कथा शरदिंदू बंद्योपाध्याय यांची, १९६७ सालची. कलकत्त्यात एक भिकारी मारला जातो. पाठीमागून थेट काळजात साळिंदराचा काटा खुपसलेला. मग एक मजूर तसाच मरतो. मग एक दुकानदार. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोणाचं कोणाशी वैर नाही, चोरी नाही. शहर घाबरतं. कोणी तरी माथेफिरू मोकाट सुटलाय, असं सगळे धरून चालतात.

शेवट सांगितला तर राग मानू नका, गोष्ट जुनी झाली. पुढचा हल्ला होतो तो एका सुखवस्तू तरुणावर. तो वाचतो, कारण त्याचं काळीज जन्मतःच उजव्या बाजूला असतं! आणि ब्योमकेश शोधून काढतो की खुनी माथेफिरू नाहीच. त्याला त्या तरुणाची बायको हवी होती आणि पैसाही हवा होता. नवऱ्याचा एकच खून केला असता तर संशय थेट त्याच्यावर आला असता. म्हणून आधी तीन अनोळखी माणसं मारली, म्हणजे चौथा खूनही वेड्याच्याच खात्यावर जाईल.

गोष्ट मोठी हुशारीची आहे. शेवट पाहून आपण समाधानाने टीव्ही बंद करतो, कारण 'कोणी' आणि 'का' ही दोन्ही उत्तरं मिळालेली असतात. पण मंडळी, त्या भिकाऱ्याचं, त्या मजुराचं, त्या दुकानदाराचं काय झालं? त्यांच्या घरचं कोणी शेवटच्या प्रसंगात होतं का? खुन्याने त्यांना आडोसा म्हणून वापरलं. आणि गोष्ट संपेपर्यंत प्रेक्षक म्हणून आपणही त्यांना विसरलेलो असतो. आज मला बोलायचंय ते या पहिल्या तिघांबद्दल.

कारण ही गोष्ट लिहिली गेली त्याच सुमारास आपल्या मुंबईत खरोखरच असे खून होत होते. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत, ज्याला जुनी माणसं जी.आय.पी. लाइन म्हणत त्या मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने, झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर हल्ले, त्यातले नऊ दगावले. पोलिसांनी रामन राघव नावाच्या एका भटक्याला पकडलंही होतं, पण पुरावा नव्हता, त्याला सोडावं लागलं. १९६८ मध्ये तेच पुन्हा सुरू झालं. रात्र, झोपलेला माणूस, डोक्यात जड वस्तूचा घाव. मुंबईत लोक गस्त घालू लागले. त्या वेळी क्राइम ब्रँचचे प्रमुख होते रमाकांत कुलकर्णी. २७ ऑगस्ट १९६८ रोजी सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियालो यांनी रामन राघवला हेरून पकडलं. बोटांचे ठसे जुळले. त्याने एकेचाळीस खुनांची कबुली दिली.

कलकत्त्याच्या गोष्टीत वेडाच्या पडद्यामागे हिशोबी खुनी निघाला. मुंबईत पडदा उचलला तर मागे काहीच नव्हतं. मारलेल्या माणसांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. कोर्टाने फाशी सुनावली, पण पुढे मनोविकारतज्ज्ञांनी त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा आजार असलेली बहुतेक माणसं कोणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच त्रास सोसावा लागतो. तेव्हा अशा कुटुंबाकडे बोट दाखवू नका.

आणखी एक. हा रामन राघव मूळचा तमिळ मुलखातला, तिरुनेलवेलीकडचा. मुंबईत कोणी यावरून 'मद्राशी' म्हणून बोट दाखवलं असेल, तर ते तितकंच चूक होतं, जितकं इथे चेन्नईत एखाद्या मराठी माणसाच्या गुन्ह्यासाठी तुम्हा-आम्हाला धरणं चूक ठरेल. पन्नास-साठ वर्षं या गावाने आपल्याला सांभाळलंय, हे आपण जाणतो.

आता इथलं बोलू. रामन राघवच्या नावाचा एक हिंदी सिनेमा २४ जून २०१६ रोजी, शुक्रवारी प्रदर्शित झाला. त्याच दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास आपल्या नुंगंबाक्कम स्टेशनवर, कामावर जायला निघालेल्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलीचा प्लॅटफॉर्मवर कोयत्याने खून झाला. चेतपेट आणि कोडंबाक्कमच्या मधलं ते स्टेशन, आपल्यातले कित्येक जण तिथे रोज चढतात-उतरतात. भोवती प्रवासी होते. मारणारा चालत निघून गेला. स्टेशनवर एकही सी.सी.टी.व्ही. कॅमेरा नव्हता. मुलीचा देह सुमारे दोन तास प्लॅटफॉर्मवर होता, त्यावर मद्रास हायकोर्टानेही नाराजी व्यक्त केली. तपास आधी रेल्वे पोलिसांकडे होता, मग शहर पोलिसांकडे गेला. आठवड्याभरात एका तरुणाला अटक झाली, आणि सप्टेंबरमध्ये तो पुळल तुरुंगात मरण पावला. खटला उभाच राहिला नाही. मालिकेत शेवटी ब्योमकेश सगळ्यांना बसवून उलगडा करतो, तसं त्या आई-वडिलांच्या वाट्याला काहीच आलं नाही.

दुसरी घटना ऑक्टोबर २०२४ ची. सेंट्रल स्टेशनच्या परिसरात एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी इतकं मारलं की काही दिवसांनी तो गेला. इथे 'रूट तला' हा प्रकार तुम्ही ऐकला असेल. तला म्हणजे डोकं, म्होरक्या. अमुक बस किंवा लोकल अमुक कॉलेजची, तिचा म्होरक्या अमुक, आणि त्यावरून मारामाऱ्या. विचारलं 'का मारलं?' तर उत्तर एवढंच, की तो दुसऱ्या कॉलेजचा होता. एवढ्या कारणासाठी एक आई मुलाला मुकली.

माझ्या खात्यात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की सिग्नल असा बांधा, की तो बिघडला तर आपोआप लाल व्हावा. याला आम्ही फेल-सेफ म्हणतो. वायर का तुटली, कोणी तोडली, उंदराने कुरतडली की चोराने कापली, ते मागाहून शोधू. पण तुटली त्या क्षणी गाडी थांबली पाहिजे. गाडीतल्या हजार-बाराशे माणसांचा जीव कारण सापडेपर्यंत वाट बघत बसू शकत नाही.

बिनकारण हिंसेचंही तसंच आहे. कोणाचं डोकं कधी फिरेल हे कोणत्याही ब्योमकेशला आधी सांगता येणार नाही. 'का' या प्रश्नाला कधी कधी उत्तरच नसतं. म्हणून आपण विचारायचा प्रश्न आहे, 'हे घडू कसं शकलं?' या प्रश्नाला मात्र दर वेळी उत्तर असतं. मुंबईत माणसं उघड्यावर, अंधारात झोपत होती. नुंगंबाक्कमला कॅमेरा नव्हता आणि पुढे येणारं कोणी नव्हतं. सेंट्रलला मुलं टोळीने फिरतात हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

२०१६ नंतर आपल्या उपनगरी स्थानकांवर टप्प्याटप्प्याने कॅमेरे बसले, ही चांगली गोष्ट आहे. पण टेलिकॉमचा माणूस म्हणून सांगतो, कॅमेरा घडलेलं टिपतो, घडणारं थांबवत नाही. त्याला उजेड लागतो, पलीकडे पडद्यासमोर जागा माणूस लागतो, आणि प्लॅटफॉर्मवर हाक मारणारा माणूस लागतो. शहराचा लाल सिग्नल म्हणजे आसपासची माणसं.

तेव्हा आपल्यापुरत्या तीन गोष्टी सुचवतो. पहिली, रेल्वेचा १३९ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हे दोन नंबर घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये, आजी-आजोबांच्या सुद्धा, आजच भरून ठेवा. कोयत्यासमोर उडी मारा असं मी म्हणत नाही. पण ओरडणं, चार माणसं गोळा करणं, फोन लावणं, जखमीजवळ थांबणं आणि नंतर साक्ष देणं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

दुसरी, आपली कॉलेजात जाणारी मुलं कोणत्या बसने, कोणाबरोबर जातात याची चौकशी करा. मुलीला कोणी त्रास देत असेल तर तिने घरी निर्धास्तपणे सांगावं, असं घर ठेवा. 'तूच जपून राहा' एवढंच ऐकावं लागलं की मुली पुढचं सांगायच्या थांबतात.

तिसरी, त्या पहिल्या तिघांसाठी. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय असलेला एक रात्रनिवारा असावा, असं केंद्राच्या २०१३ च्या योजनेत लिहिलेलं होतं. चेन्नई महापालिकेचे असे निवारे आहेत. फुटपाथवर झोपणारं कोणी दिसलं तर त्याला तिथवर पोचवायला मदत करा. मंडळाने यंदाच्या शिलकीतून एका निवाऱ्याला चादरी द्याव्यात, अशी मी कार्यकारिणीला विनंती करतो. माझ्यातर्फे पहिल्या दहा चादरी.

बालमित्रांनो, गुप्तहेर मालिका खुशाल बघा. डोक्याला चालना मिळते. फक्त पुढच्या वेळी बघताना एक करा. खुनी कोण ते ओळखाच, पण जो मेला त्याचं नाव काय होतं, हेही लक्षात ठेवा.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्न दूर करायला मागतो. त्यातली काही आपल्या हातांनी दूर होण्यासारखी आहेत, तेवढी करण्याची बुद्धी त्याने आपल्याला द्यावी. 

गणपती बाप्पा मोरया!