सहाव्या पायरीवरची संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! हा आकडा ऐकताना कोणा संस्थानिकाच्या खजिन्याची मोजदाद चालली आहे असे वाटावे. गणिताच्या इतिहासात मात्र ही संख्या एका थोर पुरुषाच्या चुकीची साक्षीदार म्हणून ओळखली जाते.

तिची जन्मकथा सोपी आहे. २ चा वर्ग करावा, त्या वर्गाचा पुन्हा वर्ग करावा आणि असेच पुढे जावे. २, ४, १६, २५६, ६५,५३६ या पायऱ्या मिळतात. प्रत्येकीत १ मिळविला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या तयार होतात. या पाचही मूळ संख्या होत. १ व स्वतः यांवाचून त्यांना दुसरा भाजक नाही. फ्रान्समधील तुलूझचा कायदेपंडित पिएर द फेर्मा याने १६४० साली पत्रातून मत कळविले की, हा क्रम कितीही पुढे नेला तरी मूळ संख्याच हाती येतील. सिद्धता आपणापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे मान्य केले होते.

सहाव्या पायरीवर येते ती ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या. सरळ मार्गाने तिचा पडताळा पाहायचा तर सुमारे साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. इतकी खटपट कोण करणार? १७२९ मध्ये गोल्डबाखने लेओनार्ड ऑयलरचे लक्ष या मताकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की, ६४१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७.

६४१ ची परीक्षा कागदावर भागाकार न मांडताही घेता येते. ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०, म्हणजेच ६४१ ला एक कमी. म्हणून ६४० चा चौथा घात ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ हे ६४१ हून १६ ने कमी. त्यांच्या जागी उणे १६ घेतले तरी बाकी बदलत नाही. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तेव्हा उणे २ चा ३२ वा घात घेतला तरी बाकी १ च उरणार. अर्थात त्या ३२ व्या घातात १ मिळविला की बाकी शून्य!

यातील खरी चुटपुट पुढेच आहे. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीत १ मिळविल्यानेच येतो, असा नियम ऑयलरने मागाहून सिद्ध केला. त्यानुसार १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा पाचव्याच भागाकाराला काम उरकते. हा नियम ज्या प्रमेयातून निघतो ते प्रमेय फेर्माचेच, आणि तेही १६४० सालच्याच एका पत्रातले. किल्ली त्याच्या कनवटीला होती. कुलूप त्याने उघडून पाहिले नाही.

क्रमातील सहावी मूळ संख्या अद्याप कोणास सापडलेली नाही. या संख्येतून २ वजा केल्यास उरते ती आधीच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार असते. गाउसच्या नियमानुसार तितक्या भुजांचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येतो. विषम भुजांच्या अशा ज्ञात बहुभुजांत तोच सर्वांत मोठा होय.