राजाचा पंथ आणि राजधर्म

(पेण आणि रोहे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



रायगडाच्या परिसरात सिंहासनाविषयी बोलायचे, तर वक्त्याने शब्द जपूनच वापरले पाहिजेत. इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स १६८८ साली पदच्युत झाला आणि १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. या घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु राजाची श्रद्धा आणि राज्याचा वारसा यांचे नाते कोणते, हा प्रश्न दोन्हीकडे उभा राहिला.

कॅथलिक सत्ता आपल्या भागाला अपरिचित नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका सागराला मिळते, तेथे रेवदंडा आणि कोर्लई येथे पोर्तुगीज दुर्गांचे अवशेष आजही उभे आहेत. याच पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह ठरला, तेव्हा १६६१ च्या तहाने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली. जेम्स हा त्याचा धाकटा बंधू.

चार्ल्सला औरस संतती नव्हती. वारस जेम्स कॅथलिक, तर प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट. १६७९ ते १६८१ या काळात त्याला वारसाहक्कातून वगळण्याचे प्रयत्न संसदेत झाले, ते फसले. १६८५ मध्ये जेम्स गादीवर आला. त्याची कन्या मेरी प्रॉटेस्टंट असल्याने लोकांनी कळ सोसली. मात्र १६८८ च्या जूनमध्ये राजाला पुत्र झाला आणि कॅथलिक राजवट पिढ्यानपिढ्या चालणार, ही धास्ती बळावली. सात मातब्बरांनी मेरीचा पती विल्यम याला पाचारण केले. नोव्हेंबरात तो सैन्यासह उतरला आणि डिसेंबरात जेम्स फ्रान्सला निघून गेला.

केवळ श्रद्धेपायी त्याने राज्य गमावले, असे म्हणणे अपुरे ठरेल. कॅथलिक व इतर भिन्नमतवाद्यांना मोकळीक देणारी घोषणा त्याने १६८७ मध्ये केली. हेतू निंद्य नव्हता; परंतु संसदेचे कायदे त्याने स्वतःच्या अधिकारात स्थगित केले. म्हणूनच १६८९ च्या हक्कविषयक कायद्याने दोन गोष्टी केल्या. संसदेच्या संमतीवाचून राजाने कायदा स्थगित करू नये, ही पहिली. कॅथलिकाला, किंवा कॅथलिकाशी विवाह करणाऱ्याला, राज्यपद नाही, ही दुसरी. पहिलीतून लोकसत्तेचा पाया घातला गेला. दुसरी भयातून जन्मली. विवाहाची अट २०१३ च्या कायद्याने रद्द झाली आणि २०१५ पासून तो अमलात आला. स्वतः राजा कॅथलिक असू नये, हे बंधन मात्र आजही कायम आहे.

आता रायगडाकडे वळू. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला. त्यापूर्वीच, ते कैदेत असताना, येसूबाईंनी आपल्या अल्पवयीन पुत्राचा हक्क बाजूला ठेवून दीर राजाराम महाराजांना पुढे केले होते. मातेने पुत्राच्या वारशापेक्षा राज्याचे रक्षण मोठे मानले. गड पडल्यावर बाल शाहू व येसूबाई मोगलांच्या कैदेत गेले. पुढे शाहूंच्या धर्मांतराचा आग्रह झाला, तेव्हा प्रतापराव गुजरांच्या पुत्रांनी त्यांच्याऐवजी स्वतः धर्मांतर पत्करल्याची कथा मराठ्यांच्या इतिहासात सांगितली जाते. १७०७ मध्ये शाहू सुटले. येसूबाईंना मात्र १७१९ पर्यंत वाट पाहावी लागली.

बंधूंनो, वारशाच्या या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. जन्माने गादी मिळते. ती टिकते राजधर्माने. कायद्याची मर्यादा ओलांडणाऱ्या जेम्सला जन्मसिद्ध हक्क वाचवू शकला नाही. उलट, येसूबाईंनी हक्क सोडला म्हणून राज्याला धनी उरला.

आज आपल्याकडे राजा नाही. आपली राज्यघटना राष्ट्रपतीला त्याचा पंथ विचारत नाही. साठाव्या अनुच्छेदानुसार तो घटनेच्या रक्षणाची शपथ घेतो, ईश्वराला स्मरून किंवा केवळ गांभीर्याने प्रतिज्ञा करून. इंग्लंडला जी अट अद्याप पूर्णतः सोडवलेली नाही, ती आपण १९५० मध्ये घातलीच नाही. याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्यासोबत येणारी जबाबदारीही ओळखावी. सत्ताधीश आपल्या श्रद्धेचा आहे एवढ्यावर समाधान मानणारा समाज त्याला कायद्याचा जाब विचारायला विसरतो. तो जाब विचारणे, हाच आजच्या नागरिकाचा राजधर्म होय.