पागोळीचं पाणी
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या वतीने केलेले भाषण)

वीणेकरी बाबा, चोपदार, टाळकरी, पखवाजवादक, डोक्यावर तुळस आणि हंडा घेऊन चालणाऱ्या सर्व माउल्या आणि गावोगावहून आलेले भाविक हो,

कीर्तन-प्रवचन महाराज मंडळींनी केलंच आहे. दिंडीच्या वतीने आम्ही बोलणार आहोत ते पाण्याविषयी. तेही धरणाच्या किंवा कालव्याच्या नाही, तर आपल्याच घराच्या पागोळीच्या पाण्याविषयी.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून हलते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. हे दिवस मृग-आर्द्राचे. वर पाऊस सुरू झालेला असतो, पण विहिरीचा झरा अजून फुटलेला नसतो. घरातली दोन माणसं वारीला येतात. मागे राहिलेली सून, म्हातारी आई, शाळकरी पोर हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. आणि त्याच वेळी त्याच घराच्या पत्र्यावरून पाणी अंगणात पडतं, गल्लीत जातं, ओढ्याला मिळतं. म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे: वारीला निघण्याआधी पागोळीखाली भांडं लावून निघा.

किती पाणी मिळतं, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद पत्रा म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सांडलवंड सोडूनही दीडशे लिटर हाती येतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर दहा हंडे! तेवढ्या दहा खेपा वाचल्या. आपल्या वाटेवरच्या कमी पावसाच्या गावांत वर्षाला ५०० मिलिमीटर जरी धरला, तरी एवढ्याशा पत्र्यावर नऊ हजार लिटर पाणी पडतं.

कुणी म्हणेल, "महाराज, एवढं साठवायला टाकी कुठं आहे?" खरं आहे. दोन ड्रमांत उन्हाळ्याची सोय होत नाही, आणि तसं आम्ही म्हणतही नाही. पण पाऊस काही एका दिवसात सगळा पडत नाही. भरलं, वापरलं, पुन्हा भरलं. धुणं, भांडी, जनावरं, तुळशीवृंदावन यांचं पावसाळ्यातलं पाणी दारातच मिळालं, तर बाईची पायपीट वाचते आणि विहिरीलाही विसावा मिळतो.

सोय घरच्या वस्तूंतून होते. पन्हाळ विकत आणायलाच हवी असं नाही. जुना पाइप उभा चिरला, बांबू मधोमध फोडून आतल्या गाठी काढल्या किंवा पत्र्याची पट्टी वाकवली, की तारेने वळचणीला बांधायची. एका बाजूला थोडा उतार द्यायचा. खाली दोनशे लिटरचा ड्रम, रांजण, टीप, जे असेल ते. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर जातो, म्हणून खाली दगडांचा पक्का ओटा करा. विटांच्या डुगडुगत्या थप्पीवर ठेवू नका. जास्तीचं पाणी भिंतीच्या पायात मुरू देऊ नका. नळीने झाडाला काढून द्या.

घरावर गवताचं छप्पर किंवा मातीचं माळवद असेल तर पाणी गढूळ येतं. तिथे आपला वारीतला प्लॅस्टिकचा कागद कामाला येतो. चारही टोकं खुंटांना बांधा, मधोमध लहान भोक पाडा, भोकाशेजारी एक खडा ठेवा. कागद झोळीसारखा खाली येतो आणि धार थेट बादलीत पडते. मुक्कामाच्या ठिकाणीही हे करता येतं. भांडी घासण्यापुरतं पाणी आपलं आपण धरलं, तर यजमान गावाचं टँकरचं पाणी तेवढं वाचतं.

आता पथ्यं सांगतो, तीही तितकीच महत्त्वाची.

पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. पत्र्यावर उन्हाळाभराची धूळ, पाला, पाखरांची घाण असते. औषध फवारणीचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका, जनावरांसाठीही नाही. पाणी पिण्यासाठी घ्यायचं तर गाळून, उकळूनच घ्या. ड्रमच्या तोंडावर जुन्या धोतराची किंवा लुगड्याची दुहेरी घडी घट्ट बांधा. कचरा अडतो, डास अडतो आणि लहान पोर आत डोकावत नाही. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर बाजाराच्या दिवशी ड्रम रिकामा करून आतून घासून घ्या.

आणि घरातले सगळेच वारीला येणार असतील, घराला कुलूप लागणार असेल, तर मात्र ड्रम पालथे घालून या. तीन आठवडे उघडं राहिलेलं पाणी साऱ्या आळीला ताप देईल.

पैठणला नाथमहाराजांच्या वाड्यातला रांजण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. परंपरा सांगते, की श्रीखंड्या होऊन देवाने त्या घरी बारा वर्षं कावडीने पाणी वाहिलं. नाथषष्ठीला भाविक अजूनही तो रांजण भरतात. देवाला जे काम हलकं वाटलं नाही, ते आपल्या घरची माउली रोज करते. तिच्या डोक्यावरचे चार हंडे कमी करणं हीसुद्धा सेवाच आहे, माउली.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने एक विनंती आहे. पुढच्या वर्षी भिशी भरायला याल, तेव्हा विणेकऱ्यांच्या पायावर डोकं ठेवण्याआधी एवढं सांगा: "पागोळीखाली ड्रम लावला, तोंडाला फडकं बांधलं, आणि मग निघालो."

राम कृष्ण हरी!